वेदनेचा लोप : मधुमेहजन्य मज्जातंतुविकार आणि पायांचे रक्षण

मधुमेह म्हणजे रक्तातील साखरेचा रोग, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, साखर मोजली म्हणजे रोग मोजला असे रुग्णास, आणि पुष्कळदा त्याच्या वैद्यासही, वाटू लागते. वस्तुतः रुग्णाच्या आयुष्याची जी हानी होते ती बहुशः साखरेच्या त्या दिवशीच्या आकड्याने होत नाही. ती साखर वर्षानुवर्षे ज्या पेशींभोवती साचून राहते त्यांच्या ऱ्हासाने होते. दृष्टिपटल, मूत्रपिंड, हृदयाच्या व मेंदूच्या रोहिण्या आणि मज्जातंतू ही या ऱ्हासाची प्रमुख स्थाने होत. यांपैकी पहिल्या तिहींची भीती समाजात बऱ्यापैकी पसरली आहे. मज्जातंतूंची मात्र तशी पसरलेली नाही, आणि याचे कारण रोगाच्या स्वरूपातच आहे. डोळा अधू झाला की दिसत नाही, हे रुग्णास कळते. मूत्रपिंड थकले की अंगावर सूज येते. परंतु मज्जातंतू नष्ट होतो तेव्हा त्याबरोबर तक्रार करण्याचे साधनच नष्ट होते. मधुमेहजन्य मज्जातंतुविकारात खरा धोका वेदनेत नसून वेदनेच्या अभावात आहे. या एका गोष्टीभोवती त्या विकाराची सारी चिकित्सा फिरते.

विषयाचा व्याप लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडिअॅब या सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असावेत. त्याच सर्वेक्षणात सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के, आढळले. मधुमेह्याच्या पायास आयुष्यात केव्हातरी व्रण होण्याचा संभव १९ ते ३४ टक्के इतका मानला जातो. आणि मधुमेह्यांत जे अंगच्छेद करावे लागतात त्यांपैकी बहुतेकांच्या आधी पायावर एखादा साधा, पुष्कळदा क्षुल्लक वाटलेला व्रण असतो.

जुनी निरीक्षणे

प्राचीन भारतीय वैद्यकास हा विकार अगदीच अज्ञात नव्हता. प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांच्या तळव्यांचा दाह सुश्रुताने नोंदविला आहे. चरकसंहितेत दाहाबरोबर सुप्तता, म्हणजे बधिरपणाही, येतो. मूत्रास मुंग्या लागतात हे जितके प्रसिद्ध आहे तितके हे दुसरे निरीक्षण प्रसिद्ध नाही. पण चिकित्सेच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे म्हटले पाहिजे. दाह व सुप्तता ही पूर्वरूपे मानली गेली, हेही लक्षणीय आहे. रक्तशर्करा मधुमेहाच्या सीमेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काही व्यक्तींच्या सूक्ष्म तंतूंत बिघाड सुरू झालेला असतो, ही गोष्ट अलीकडच्या अभ्यासांनीही दाखविली आहे. यावरून प्राचीनांना आधुनिक ज्ञान होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही; त्यांनी रुग्णाचे बोलणे नीट ऐकून घेतले होते, एवढेच यावरून म्हणता येते.

युरोपात जॉन रोलो याने १७९८ च्या सुमारास मधुमेह्यांच्या पायांतील वेदनांचा उल्लेख केला. तथापि मधुमेह हाच मुळी मज्जासंस्थेच्या रोगाचा परिणाम असावा, असे मत त्यानंतरही दीर्घकाळ प्रचलित होते. १८६४ मध्ये मार्शल द काल्वी या फ्रेंच वैद्याने कार्यकारणाचा हा क्रम उलटा केला : मधुमेह आधी, मज्जातंतूंचा बिघाड नंतर. त्यापुढे सुमारे वीस वर्षांनी लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही याने पायांतील रात्रीच्या वेदना, स्पर्शाची असह्यता आणि बधिरता यांचे जे वर्णन केले, त्यात आजच्या रुग्णकथनात न बसणारे फारसे काही नाही. १९२१ मध्ये टोरोंटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. तोपर्यंत तरुण मधुमेही मज्जातंतूंचा विकार जडण्याइतका जगतच नसे. म्हणजे ज्यांस आपण मधुमेहाचे उपद्रव म्हणतो ते एका परीने इन्शुलिनच्या यशाचेच अपत्य होत.

सर्वांत लांब तंतू सर्वांआधी

पायाच्या अंगठ्यातील संवेदना मेरुरज्जूकडे नेणाऱ्या मज्जापेशीचे मुख्य शरीर कमरेच्या मणक्यांलगतच्या गुच्छिकेत असते, आणि तिचा तंतू तेथून थेट अंगठ्यापर्यंत, प्रौढ मनुष्यात सुमारे एक मीटर लांब, गेलेला असतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशीने एवढ्या दूरच्या टोकाचे पोषण करावयाचे, तेथे लागणारी द्रव्ये तयार करून तंतूच्या आतून वाहून न्यावयाची, आणि जीर्ण झालेली परत आणावयाची, अशी ही व्यवस्था आहे. या व्यवस्थेत थोडी जरी न्यूनता आली तरी तिचा फटका प्रथम सर्वांत दूरच्या टोकास बसतो. म्हणून या विकाराचा प्रारंभ पायाच्या बोटांत होतो, तो दोन्ही पायांत सारखाच असतो, आणि तो हळूहळू वर सरकतो. बधिरता गुडघ्याच्या आसपास पोहोचली की हातांच्या बोटांची अग्रे बधिर होऊ लागतात. कारण मणक्यापासून हाताच्या बोटापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच आहे. पायमोजे व हातमोजे घातल्याप्रमाणे दिसणारा हा प्रदेश मज्जातंतूंच्या शाखांनी नव्हे, तर केवळ लांबीने आखून दिलेला असतो.

ही न्यूनता कशाने येते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. स्नायू व मेद यांच्या पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्शुलिनची आवश्यकता असते. मज्जापेशींना ती तशी नसते. बाहेर साखर वाढली की मज्जापेशींच्या आतही ती वाढते. दार बंद करण्याची सोय त्यांच्यापाशी नाही. वाढलेल्या ग्लुकोजचा काही भाग आल्डोज रिडक्टेज या एंझाइमाच्या योगाने सॉर्बिटॉलमध्ये रूपांतरित होतो, आणि या क्रियेत पेशीस ऑक्सिडीकरणापासून वाचविणारे द्रव्य खर्ची पडते. दुसरा भाग प्रथिनांस चिकटून त्यांचे गुणधर्म बदलून टाकतो. याशिवाय पेशींतील ऊर्जाकेंद्रांवर, म्हणजे मायटोकाँड्रियांवर, अतिरिक्त इंधनाचा भार पडून घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात. वरवर निरनिराळे दिसणारे हे सारे मार्ग याच एका उगमापासून फुटतात, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्ती जाड होऊन ऑक्सिजनचा पुरवठाही घटतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील मेदद्रव्ये, स्थूलता व रक्तदाब यांचाही हातभार लागतो.

या मांडणीतून औषध निघेल अशी मोठी अपेक्षा होती. आल्डोज रिडक्टेजला अटकाव करणारी अनेक द्रव्ये तपासली गेली. प्राण्यांत त्यांनी चमत्कार वाटावा असे परिणाम दाखविले आणि माणसांत बहुतेकांनी निराशा केली. एपालरेस्टॅट हे त्यांपैकी एक जपानात व भारतात वापरले जाते, पण त्याने प्रश्न सुटला असे म्हणवत नाही. नष्ट झालेला तंतू पुन्हा वाढवील असे सिद्ध औषध आजमितीस उपलब्ध नाही. रोग्यास हे स्पष्ट सांगणे कठीण असले तरी आवश्यक आहे. कारण बाजारात मज्जातंतूंच्या 'शक्ती'साठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर तो जो पैसा खर्च करतो, तो बहुधा एखाद्या चांगल्या पादत्राणाच्या किमतीहून अधिक असतो.

लक्षणे आणि परीक्षा

या विकाराची लक्षणे परस्परविरोधी भासतात. कोणाचे तळवे आगीवर धरल्यासारखे जळतात, मुंग्या येतात, सुया टोचतात, रात्री अंगावरील चादरीचा स्पर्श सहन होत नाही. कोणास कापसावर चालल्यासारखे वाटते. कोणाच्या पायातील चप्पल वाटेतच गळून पडते आणि घरी आल्यावर ती नसल्याचे ध्यानात येते. पुष्कळदा एकाच रुग्णाचा पाय जळतही असतो आणि बधिरही असतो. यात विसंगती नाही. वेदना व उष्णता यांचे ज्ञान बारीक तंतूंकडे, आणि कंपन, स्पर्श व अवयवाची स्थिती यांचे ज्ञान जाड तंतूंकडे असते. बारीक तंतू आजारी असताना ते खोटे संदेश पाठवितात, मेल्यावर गप्प बसतात. म्हणून 'हल्ली जळजळ थांबली आहे' असे रुग्ण समाधानाने सांगतो तेव्हा ते सुधारणेचे चिन्ह असेलच असे नाही. कित्येकदा ते ऱ्हास पूर्ण झाल्याचे चिन्ह असते. ज्यांना हा विकार आहे त्यांपैकी सुमारे निम्म्यांस कोणतेच लक्षण जाणवत नाही, ही गोष्ट याच्याशी जुळते. अर्थात लक्षणांची वाट पाहून निदान करावयाचे ठरविल्यास निम्मे रुग्ण हातचे जातात.

परीक्षेस लागणारी साधने अगदी साधी आहेत. सेकंदास १२८ कंपने करणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन जाणवते की नाही हे पाहावे. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासावी. आणि १० ग्रॅम भाराखाली वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याच्या ठरावीक ठिकाणी टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णास तो कळतो का हे विचारावे. ज्यास हा धागा कळत नाही त्याच्या पायाची संरक्षक संवेदना गेली, असे समजण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानाच्या दिवशीच, पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हावी. तिला काही मिनिटे लागतात. तरीही ती टळते, कारण तीसाठी रुग्णाचे जोडे-मोजे काढावे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा क्षुल्लक अडथळाच निर्णायक ठरतो.

मधुमेह्याच्या पायाची बधिरता मधुमेहामुळेच असेल, असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ब१२ जीवनसत्त्वाची उणीव. शाकाहारामुळे हे जीवनसत्त्व आहारात कमी असते. पुणे व आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे दोन तृतीयांश जणांत त्याचे रक्तातील प्रमाण अल्प आढळले होते. त्यात मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे सर्वसामान्य औषध दीर्घकाळ घेतल्यास ब१२ चे शोषण आणखी घटते. ही उणीव भरून काढता येते. ती ओळखली न जाणे हा अक्षम्य दोष होय. दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची. तो नाहीसा झालेला नाही. पायाची बधिरता एकाच बाजूस असेल, अंगावर चट्टा असेल किंवा कातडीखालील मज्जातंतू हातास जाड लागत असेल, तर मधुमेहाचे निदान ठाऊक असूनही कुष्ठरोगाचा विचार केला पाहिजे.

स्वायत्त मज्जातंतूंचा विकार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. उभे राहताच रक्तदाब खाली येणे, विश्रांतीतही नाडी जलद चालणे, जठर रिते होण्यास विलंब लागून साखरेचा अंदाज चुकणे, पुरुषांतील लैंगिक दौर्बल्य ही त्याची रूपे. वेदनेच्या लोपाचे सूत्र येथेही दिसते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येऊ शकतो, आणि रक्तशर्करा घसरल्याची घाम, थरथर यांसारखी पूर्वसूचनाही कित्येकांना मिळत नाही.

साखरेच्या नियंत्रणाने किती साधते

अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवर पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयी जो दीर्घ प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारा एचबीए१सी हा अंक एका गटात ७ टक्क्यांच्या व दुसऱ्यात ९ टक्क्यांच्या आसपास राखण्यात आला होता. काटेकोर नियंत्रणाच्या गटात मज्जातंतुविकाराचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. दृष्टिपटल व मूत्रपिंड यांनाही मोठे संरक्षण मिळाले. त्याची किंमत म्हणून साखर धोकादायक रीत्या घसरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांचे नियंत्रण सारखेच झाले, तरी आधीच्या चांगल्या वर्षांचा लाभ पुढे दीर्घकाळ टिकून राहिला. शरीर जुनी साखर जणू विसरत नाही.

दुसऱ्या प्रकारात चित्र इतके समाधानकारक नाही, आणि भारतातील बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे आहेत. ब्रिटनमधील १९७७ ते १९९७ या काळातील प्रयोगात एचबीए१सी ७.९ ऐवजी ७.० वर आणल्याने सूक्ष्म वाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी घटले. पण त्यात मोठा वाटा डोळ्यांचा होता. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या अंगात रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवल्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. केवळ साखरेकडे टक लावून बसणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचावेत. डेन्मार्कमधील १६० रुग्णांच्या एका प्रयोगात साखर, रक्तदाब व मेदद्रव्ये या तिहींवर एकाच वेळी उपचार केले गेले. हृदयरोहिण्यांचे उपद्रव सुमारे निम्म्याने घटले, मूत्रपिंड, डोळे आणि स्वायत्त मज्जातंतू यांना लाभ झाला. परंतु पायांतील संवेदनेच्या मज्जातंतूंना म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. सर्व उपाय करूनही ज्या एका ठिकाणी रोग हटला नाही ते ठिकाण पाय हेच होते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

असे का व्हावे? पहिल्या प्रकाराचा प्रारंभ प्रायः स्पष्ट व तीव्र असतो. दुसरा प्रकार वर्षानुवर्षे गुप्त राहतो, आणि निदान होते तेव्हा सुमारे निम्म्या रुग्णांत कोणता ना कोणता उपद्रव आधीच सुरू झालेला असतो. म्हणून येथे प्रतिबंधाचा अर्थ मधुमेहाचाच प्रतिबंध असा घ्यावा लागतो. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सीमेवर असलेल्या व्यक्तींत आहार व व्यायाम यांच्या योगे मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या अल्प मात्रेने २६.४ टक्क्यांनी.

अति सर्वत्र वर्ज्य, हे नियंत्रणासही लागू आहे. सुमारे १०,००० रुग्णांवरील अॅकॉर्ड या अमेरिकन प्रयोगात साखर फारच खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाल्यामुळे २००८ मध्ये त्या गटाचा तीव्र उपचार थांबवावा लागला. शिवाय फार काळ चढलेली साखर झपाट्याने उतरविली असता पायांत तीव्र वेदना उद्भवतात. १९३३ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या अवस्थेस पूर्वी 'इन्शुलिनजन्य मज्जादाह' म्हणत, पण दोष इन्शुलिनचा नसून उतरण्याच्या वेगाचा आहे. तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांहून अधिक खाली आल्यास हा धोका वाढतो. बहुतेक प्रौढांना ७ टक्क्यांच्या आसपासचे लक्ष्य योग्य ठरते. वृद्ध व दुर्बल रुग्णांत ते सैल ठेवणे शहाणपणाचे.

वेदनाशमनाविषयी थोडक्यात सांगता येईल. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन व गॅबापेंटिन ही औषधे उपयोगी पडतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात यांपैकी पहिल्या तिहींपासून सुरुवात करून गरजेनुसार दुसरे जोडले असता तिन्ही क्रमांचा गुण सारखाच आढळला. तेव्हा निवड रुग्णाचे वय, झोप, हृदयाची स्थिती आणि खिसा पाहून करावी. वेदना निम्म्याने उतरली तरी ते यश मानावे लागते. अफूवर्गीय औषधे शक्यतो टाळावीत. ही सारी औषधे केवळ लक्षणाची आहेत. तंतूंच्या ऱ्हासावर त्यांचा परिणाम होत नाही, आणि बधिर पायाचे रक्षण तर त्यांच्याकडून मुळीच होत नाही.

कुष्ठरोगाने शिकविलेले

बधिर पायाच्या चिकित्सेचा पाया मधुमेहाच्या रुग्णालयांत घातला गेला नाही. तो वेल्लूर येथे कुष्ठरुग्णांमध्ये घातला गेला. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९४६ मध्ये तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळे, असा सार्वत्रिक समज होता. रुग्णांचा दैनंदिन क्रम बारकाईने पाहता ब्रँड यांना निराळेच आढळले : रुग्ण तापलेले भांडे हाताने उचलीत, कुलूप उघडताना किल्ली हाडाला लागेपर्यंत पिळीत, आणि रात्री झोपेत उंदीर त्यांची बोटे कुरतडून नेत. बोटे झडत नव्हती. ती गमावली जात होती. रुग्णांच्या निवासात मांजरी पाळणे हाही मग उपचाराचा भाग ठरला.

१९६६ पासून अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथे काम करताना ब्रँड यांच्या ध्यानात आले की मधुमेह्यांच्या पायावरील व्रण हुबेहूब तसेच असतात. तोपर्यंत त्या व्रणांचे खापर मुख्यतः रक्तपुरवठ्यावर व साखरेवर फोडले जाई. ब्रँड यांनी यांत्रिक इजेचे प्रकार वेगळे केले. खिळा रुतणे, ही एकाच वेळी होणारी मोठी इजा. घट्ट जोड्याचा मंद परंतु अखंड दाब तासन् तास राहून कातडीचे रक्त अडणे, ही दुसरी. आणि तिसरी, जी सर्वांत फसवी : चालताना तळव्याच्या त्याच बिंदूवर हजारो वेळा पडणारा मध्यम दाब. एका पावलाने काही होत नाही. उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने असा दाब रोज देत राहिल्यावर मात्र आधी दाह आणि मग व्रण होतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. निरोगी मनुष्य लांब चालला की नकळत पाऊल थोडे निराळे टाकू लागतो, लंगडतो, थांबतो, जोडा सैल करतो. बधिर पायाचा धनी त्याच जागी, तेवढ्याच जोराने, अखेरपर्यंत पाऊल आपटीत जातो. पायावर व्रण असूनही जो सरळ चालत दवाखान्यात येतो त्याचे निदान त्याच्या चालण्यातच झालेले असते. तपासणीचा १० ग्रॅमचा धागाही याच कार्व्हिल येथे, कुष्ठरुग्णांच्या पायांवरील अभ्यासातून, १९८६ मध्ये निश्चित झाला.

ब्रँड यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचाही प्रयत्न केला. दाबमापकांनी युक्त असे हातमोजे व मोजे करून, दाब वाढला की प्रथम नाद होईल, पुढे विजेचा झटका बसेल, अशी योजना केली. ती फसली, कारण रुग्ण काम करावयाचे असले की यंत्र बंद करून ठेवीत. खरी वेदना बंद करता येत नाही, यातच तिचे सामर्थ्य आहे. हाच अनुभव पुढे निराळ्या रूपात आला. तळव्यावरील व्रण भरून येण्यास त्यावरील भार काढणे आवश्यक असते, आणि त्यासाठी कुष्ठरुग्णांच्या पायांवर भारतात वापरलेली, संपूर्ण तळव्यास व पोटरीस सलग भिडणारी प्लास्टरची पट्टी सर्वोत्तम ठरते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत १२ आठवड्यांत अशा पट्टीने सुमारे ९० टक्के व्रण भरले, तर काढता-घालता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. वस्तुतः दोहोंनी पायावरील भार सारखाच घटतो. दोन वर्षांनंतरच्या अभ्यासात या फरकाचे कारण सापडले : रुग्ण तो बूट दिवसाच्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचालीत घालीत होते. दुखत नाही, मग घालावयाचे कशासाठी? म्हणून रुग्णास सहज काढता येणार नाही असे साधन वापरावे, हेच आज मार्गदर्शक तत्त्व आहे. मात्र त्याआधी पायाच्या नाड्या चाचपून रक्तपुरवठा पुरेसा असल्याची, आणि व्रणात खोल जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. मधुमेह्यांच्या रोहिण्या पुष्कळदा चुन्याने कठीण झालेल्या असल्यामुळे घोट्यावरील रक्तदाबाचा आकडा खोटा चांगला दिसतो, हेही विसरून चालत नाही.

बधिर पायाची आणखी एक अवस्था वेगळी ओळखावी लागते. पाऊल अकस्मात सुजते, लाल व गरम होते, कातडी मात्र अखंड असते आणि वेदना जवळजवळ नसते. सांधा झिजला, लचकला किंवा जंतुसंसर्ग झाला असे समजून रुग्णास चालू दिले जाते, आणि काही आठवड्यांत पावलाची हाडे मोडून कमान खाली बसते. शार्को यांनी १८६८ मध्ये उपदंशजन्य मज्जारोगात वर्णिलेली ही सांध्याची अवस्था मधुमेहात १९३६ मध्ये ओळखली गेली. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात काहीही दिसत नसले तरी पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्यावरील भार काढणे, हाच उपाय होय.

पायांच्या निगेचे जे नियम परदेशी पुस्तकांतून येतात ते जोडे-मोजे घालणाऱ्या समाजासाठी लिहिलेले असतात. या देशात धोक्याची ठिकाणे निराळी आहेत. सुश्रुताने प्रमेही दरिद्री असल्यास त्याने पादत्राण व छत्र यांवाचून शंभर योजने चालावे, असे सांगितले. चालण्याचा उपदेश आजही अबाधित आहे. अनवाणी चालण्याचा मात्र, ज्याच्या पायाची संवेदना गेली त्याच्यासाठी, सर्वथा त्याज्य ठरतो. शेतातील काटा, देवळाच्या आवारातील उन्हात तापलेली फरशी, पंढरीच्या वाटेवरील डांबर, पाय शेकण्यासाठी घेतलेले कढत पाणी, चुलीजवळ पसरलेले पाय, पत्र्याच्या चपलेसारखा तापलेला मोटारीचा तळ — यांपैकी कशाचीही जाणीव बधिर पायास होत नाही. अंगठ्याच्या चपलेचा पट्टा दोन बोटांच्या बेचक्यात कातडी कापतो. पायावर सूज आली की स्त्रियांची जोडवी बोटात रुततात. कुरूप ब्लेडने घरच्या घरी कापण्याची सवय अनेक अंगच्छेदांच्या मुळाशी आहे. कोरड्या कातडीस पडणाऱ्या भेगा, ज्यांना थंडीचा परिणाम समजले जाते, त्या वस्तुतः घामाचे मज्जातंतू निकामी झाल्याचे चिन्ह असू शकतात. त्यांत तेल किंवा मलम रोज चोळावे, परंतु बोटांच्या बेचक्यांत नव्हे.

गेलेल्या संवेदनेची जागा डोळ्यांनी व हातांनी घ्यावयाची, हाच या साऱ्या निगेचा अर्थ. रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा. दृष्टी अधू असेल तर घरातील दुसऱ्याने पाहावे. पाणी पायाने नव्हे, कोपराने पारखावे. पादत्राण घालण्यापूर्वी त्यात हात फिरवून खडा किंवा वर आलेला खिळा नाही ना, हे पाहावे. पादत्राणाचा तळ आतून मऊ, बाहेरून कठीण असावा व मागे पट्टा असावा. कुष्ठरुग्णांसाठी या देशात प्रचारात आलेली सूक्ष्मरंध्री रबराची चप्पल स्वस्त असून मधुमेह्यांसही तितकीच उपयुक्त आहे. 'कुष्ठरोग्याची चप्पल' म्हणून ती घालण्यास रुग्ण संकोचतात, ही अडचण खरी आहे, आणि ती चर्मकाराच्या कौशल्याने, नेहमीच्या चपलेसारखे रूप देऊन, दूर करता येते. तंबाखू व विडी सोडणे रोहिण्यांसाठी आवश्यकच आहे.

व्रण भरून आला म्हणजे रुग्ण बरा झाला असे मात्र समजू नये. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांस वर्षाच्या आत, आणि सुमारे ६५ टक्क्यांस पाच वर्षांत, पुन्हा व्रण होतो; कारण पाय बधिरच राहिलेला असतो, आणि दाबाचा बिंदू तोच असतो. अशा रुग्णांसाठी दोन्ही तळव्यांच्या ठरावीक जागांचे तापमान रोज साध्या त्वचा-तापमापकाने मोजण्याची पद्धत अमेरिकेतील प्रयोगांत उपयुक्त ठरली. कातडी फाटण्याच्या काही दिवस आधी तेथे दाह सुरू होऊन जागा गरम होते. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसने अधिक गरम लागली, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर रुग्णाने चालणे कमी करून वैद्यास पाय दाखवावा.